पाखरांचे तळपे

तळपेंची आठवण झाली की आजही माझं डोकं तापतं. जुन्या सहकाऱ्यांबद्दल बोलताना आवाज मऊ करायची पद्धत आहे, ती मला माहीत आहे. पण या माणसाने मला पंधरा-सोळा वर्षं जो वैताग दिला, तो काही मऊ आवाजात सांगण्यासारखा नाही.

पिंपरीला आमची पंपांची कंपनी होती. मी तिथे टेलिफोन ऑपरेटर. गेटमधून आत शिरलं की डाव्या हाताला टाइम ऑफिस आणि त्याला लागून माझी खोली. खोलीला खिडकी नव्हती. कानावर हेडफोन, समोर बोर्ड आणि बोर्डात खुपसायच्या दोऱ्या, एवढाच माझा संसार. शिफ्ट सुटली की कामगार दारातून डोकावून 'शिंदेबाई, तुमचं बरंय, सावलीत काम' म्हणत जायचे. दिवसभर इतरांची बोलणी जोडून द्यायची आणि स्वतः तोंड मिटून बसायचं, हे काम किती बरं असतं ते करणाऱ्यालाच ठाऊक.

तळपे पॅकिंग खात्यात इन्स्पेक्टर होते. इन्स्पेक्टर म्हटलं की डोळ्यांपुढे बूट आणि टाय येतो. तळपेंच्या पायात टायरच्या वहाणा असत आणि कानावर पेन्सिल. पंप बाहेरगावी पाठवायला लाकडी खोकी लागत, खोक्यांना फळ्या लागत आणि फळ्यांसाठी पश्चिमेकडच्या डोंगरातून ओंडके भरून ट्रक येत. करवत आमच्या आवारातच होती. करवतीवर चढण्याआधी प्रत्येक ओंडका तळपे बघत. बघत म्हणजे खरं तर ऐकत. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर ओंडक्यावर चार ठिकाणी वाजवायचं, मान तिरकी करून थांबायचं आणि निकाल द्यायचा. भरीव निघाला तर हिरवी रेघ. आतून पोकळ, किडका निघाला तर लाल रंगाची मोठी फुली. लाल फुलीचा माल बाजूला पडायचा. त्याला कुणी हात लावायचा नाही, हा आमच्या कंपनीतला पहिला नियम. नवीन आलेला पोऱ्यासुद्धा पहिल्या दिवशी तेवढं शिकायचा. त्या रंगाने तळपेंची बोटं कायम लाल असत. डबा खातानाही लाल आणि पगाराच्या कागदावर सही करतानाही लाल.

हे वाजवणं कामापुरतं ठेवलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण तळपे दिसेल ते वाजवत. माझं दार वाजवत, ते आत येऊ का म्हणून नव्हे, तर दार कसं आहे ते बघायला. मॅनेजरसाहेबांचं नवीन टेबल आलं तेव्हा सगळे जमून वा वा करत होते. तळपे पुढे झाले, दोनदा टकटक केलं आणि म्हणाले, "वरनं पातळ फळी हाय. आत भुसा."

"तुम्हाला कुणी विचारलंय?" साहेब म्हणाले.

"इचारलं न्हाई साहेब. पर हाय."

साहेबांना राग आला, तळपेंना मात्र तो आलेला कळलाही नाही. हे त्यांचं नेहमीचं. समोरचा चिडलाय, कंटाळलाय, घड्याळ बघतोय, यातलं काहीही त्यांना दिसत नसे. लाकडाच्या पोटातलं ऐकू यायचं, माणसाच्या चेहऱ्यावरचं मात्र वाचता यायचं नाही.

दर सोमवारी माझ्या बोर्डावर ते एक हिरडा आणून ठेवत. डोंगरातला त्यांचा गाव, तिथे हिरड्याची झाडं. "ताई, दाढंत धरा. आवाज मोकळा ऱ्हाईल." मी एकदा धरला. तोंड असं तुरट झालं की पुढच्या तीन फोनांना 'हॅलो' नीट म्हणता आलं नाही. तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पुढच्या सोमवारी हिरडा हजर. मी ड्रॉवरमध्ये टाकत गेले. तो ड्रॉवर शेवटी उघडेनासा झाला.

माझ्या वैतागाला खरी सुरुवात झाली ती एका श्रावणातल्या दुपारी. मी बोर्डावर होते. दार उघडलं आणि तळपे एक खोकं छातीशी धरून आत आले. खोक्यावर त्यांचाच सदरा पसरलेला. अंगात नुसती बंडी.

"ताई, तुमची खोली अंधारी हाय. आन् गार हाय. दिस मावळस्तवर ह्ये हितं ठिवतो."

"काय आहे त्यात?"

"पाखरू."

मला वाटलं, पोपट-बिपट असेल. मी म्हटलं, ठेवा. त्यांनी खोकं माझ्या पायाशी, बोर्डाखाली सरकवलं आणि निघून गेले. थोड्या वेळाने आतून खरवडल्याचा आवाज आला. मी सदऱ्याची कड उचलून बघितलं आणि किंचाळले. त्या वेळी माझ्या हातात मॅनेजरसाहेबांचा मुंबईचा कॉल होता. त्यामुळे माझी किंचाळी थेट मुंबईच्या हेड ऑफिसला पोचली.

खोक्यात मांजराएवढं जनावर होतं. करडं-तपकिरी अंग, अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट आणि काळेभोर, एवढाले डोळे. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीची सैल घडी, जणू कुणी त्याच्या अंगावर दुलई शिवली होती. त्या घडीच्या आत आणखी काहीतरी हलत होतं. ते पिल्लू होतं. आई मला चावायला आली नाही की पळाली नाही. नुसती थरथरत बघत राहिली. मी सदरा परत टाकला आणि पाय खुर्चीवर घेऊन उरलेली शिफ्ट काढली. सांगण्यात लाज कशाला, मी दर दहा मिनिटांनी वाकून बघत होते.

झालं होतं असं. ट्रकमधून आलेला एक ओंडका तळपेंनी वाजवला, पोकळ आवाज आला, लाल फुली मारली आणि मान तिरकी केली तर आतून कुणीतरी उलट वाजवल्यासारखा आवाज आला. बुंध्याच्या ढोलीत हे मायलेकरू बसून होतं. झाड पडलं, फांद्या छाटल्या, ट्रकवर चढवलं, चाकणच्या वखारीत एक दिवस पडून राहिलं आणि तिथून पिंपरीला आलं. तोवर आई पिल्लाला सोडून गेली नव्हती.

संध्याकाळी तळपे खोकं घेऊन एसटीने गावी गेले. दुसऱ्या दिवशी रजा न टाकता गैरहजर. तिसऱ्या दिवशी आले ते अंगठ्याला चिंधी बांधून. शिफ्ट बुडवल्याचा मेमो त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि आधी माझ्या खोलीत आले.

"सोडलं ताई. ढोलीत घातल्यावर मंग चावलं."

"आधी का नाही चावलं?"

"घाबरल्यालं व्हतं. घर दिसल्यावर धीर आला त्येला."

त्या दिवसापासून हा माणूस बिघडला. मला बसवून, म्हणजे बसलेलीच होते मी, त्यांनी सगळं समजावून दिलं. शेकरू वेगळं, ते दिवसा हिंडतं आणि फांद्यांवर आपलं घरटं बांधतं. पाखरू म्हणजे उडणारी खार. दिवसभर झोपते, दिवेलागणीला बाहेर पडते, उंच झाडावरून अंगाची दुलई पसरून झेप घेते आणि ओढ्यापलीकडच्या झाडावर जाऊन टेकते. तिला राहायला ढोली लागते. ढोली स्वतःला पाडता येत नाही. झाड म्हातारं व्हावं, फांदी मोडावी, पाणी मुरून आत कुजावं, तेव्हा कुठे दोन-तीन पिढ्यांनी एक ढोली होते. आणि पिल्लू वर्षाला एखादंच.

"उंदरावानी धा-बारा होत न्हाईत ताई त्येला. येक. आन् म्या आजवर किती फुल्या मारल्या? परत्येक पोकळ ओंडका म्हंजी कुनाचं तरी घर व्हतं. वाजवलं, पर आत कोन हाय ह्ये इचारलं न्हाई."

"तुमच्या गावात माहीत नव्हतं का हे?"

"व्हतं की. आमी खायचो पाखरू. ल्हानपनी म्या बी खाल्लंय. चव ग्वाड असती."

हे त्यांनी अगदी सरळपणे सांगितलं. आता खाता का विचारलं तर म्हणाले, आता मला कुणी आईचं मटण वाढल्यासारखं होईल. माझा डबा त्या दिवशी तसाच परत गेला.

मग सुरू झाले फोन. तालुक्याच्या गावी जंगल खात्याचे एक साहेब होते. त्यांना सांगून पोकळ झाडं वाचवायची, असं तळपेंनी ठरवलं. ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असे. दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी तो बुक करायचा, लागला की तळपेंना बोलवायचं आणि हा गृहस्थ फोन हातात घेऊन म्हणणार, "नमस्कार साहेब. तळपे बोलतोय. घरची मंडळी बरी? पाऊसपानी?" पलीकडचे साहेब पाऊसपाणी सांगत. दोन मिनिटं त्यात जात. मी हेडफोनवर कपाळाला हात लावून बसलेली.

"तळपे, मुद्द्याचं बोला!" मी मधेच ओरडायची.

"व्हय. साहेब, त्या पोकळ झाडांचं..."

"अहो, पोकळ झाड म्हणजे रोगट झाड," साहेब म्हणत. "जंगल निरोगी राखायचं तर रोगट झाड आधी काढायचं. आम्हाला तसंच शिकवलंय."

"साहेब, रोगी न्हाई, म्हातारं हाय. म्हाताऱ्या मानसाला आपुन काढतो का?"

आणि फोन कट. सोमवारमागून सोमवार हेच. एकदा साहेबांनी विचारलं, "तुम्ही शेकरूबद्दल बोलताय ना?" तळपेंनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं, तीन मिनिटं संपली. पुढच्या सोमवारी साहेब म्हणाले, "हां, ते तुमचं शेकरू." मला त्या साहेबांना बोर्डातून हात घालून हलवावंसं वाटायचं. शेवटी खासगी कॉलबद्दल मेमो आला तो तळपेंना नाही, मला. मी तो त्यांच्यापुढे आपटला. त्यांनी तो नीट वाचला आणि म्हणाले, "ताई, तुमाला बी फुली मारली वाटतं." असा संताप आला होता मला! आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. सोमवारी हिरडा मात्र आलाच.

एका वर्षी त्यांनी आमच्या रिक्रिएशन क्लबची सहल त्यांच्या वाडीवर नेली. पाखरू दाखवतो, असं वचन दिलं होतं. चाळीस माणसं, दोन स्टोव्ह, एक ट्रान्झिस्टर. डोंगराच्या कुशीत आठ-दहा घरं, मागे ओढा आणि ओढ्याच्या काठाने जुन्या जांभळांची, आंब्यांची, हिरड्यांची दाट पट्टी. तळपे सगळ्यांना संध्याकाळी गप्प बसायला सांगत फिरत होते. कोण ऐकतंय? ट्रान्झिस्टरवर क्रिकेटच्या बातम्या, स्टोव्हवर भजी. पाखरू कसलं येतंय! परत येताना बसमध्ये सगळ्यांनी तळपेंची यथेच्छ थट्टा केली. त्यांना ती थट्टा आहे हे कळलं की नाही, देव जाणे.

पण त्या सहलीत मी त्यांच्या धाकट्या भावाला, किसनला बघितलं. तो ठेकेदाराकडे झाडं तोडायला जायचा. ओढ्याकाठची झाडं वाडीतल्या लोकांच्या मालकीची होती आणि ठेकेदार एकेक शेतकऱ्याची झाडं विकत घेत होता. तळपे भावाला माझ्यासमोरच सांगू लागले, पोकळ झाडाला कुऱ्हाड लावू नको. किसन मान खाली घालून ऐकत होता. त्याची बायको सखू चुलीपुढून उठून आली.

"भावजी, तुमचा पगार कंपनीतनं येतो. आमचा ह्या कुऱ्हाडीतनं येतो. पाखराला घर पायजेल म्हन्ता, आन् आमाला नको? पावसात माझ्या चुलीत पानी पडतंय, त्ये वाजवून बघा की येकदा."

तळपे वर छपराकडे बघू लागले. मला सखूचं पूर्ण पटलं आणि तसं मी तिला बोलूनही दाखवलं. पण तळपेंच्या डोक्यात ते वेगळ्याच बाजूने शिरलं. पुढची दोन वर्षं त्यांनी पर्सोनेल ऑफिसरच्या दाराशी धरणं धरल्यासारखं उभं राहून किसनला कंपनीत चिकटवला, आधी बदली कामगार आणि मग पक्का. किसन बिऱ्हाड घेऊन थेरगावला खोली करून राहिला. सखूच्या चुलीत आता पाणी पडत नव्हतं आणि वाडीतली एक कुऱ्हाड कमी झाली होती. तळपे इतके खूश की त्यांनी त्या सोमवारी मला दोन हिरडे दिले.

त्यानंतर त्यांना एक खरोखर शहाणपणाची गोष्ट सुचली. इतकी शहाणपणाची की मी थक्क झाले. जंगल खात्याचा नाद सोडून त्यांनी ठेकेदाराला गाठलं. ठेकेदार मोतीशेठ, चाकणला वखार. तोच आम्हाला ओंडके पुरवायचा. तळपेंनी त्याला सांगितलं, "शेठ, पोकळ झाड तुमी तोडता, ट्रकात घालता, हितं आनता आन् म्या फुली मारतो. तुमची तोडनी फुकट, ट्रक फुकट. मंग तोडता कशाला? कोंचं झाड म्या घेनार न्हाई त्ये मी आधीच सांगतो. त्येला हात लावू नगा."

मोतीशेठ धंदेवाला माणूस. त्याला हे लगेच पटलं. कित्येक वर्षांत तळपेंचं बोलणं एखाद्याला लगेच पटलेलं मी पहिल्यांदाच बघत होते, म्हणजे ऐकत होते. कारण तो कॉल मीच जोडून दिला होता.

"खूण कशी कराल?" मोतीशेठने विचारलं.

"लाल फुली."

"ठीक. मी माझ्या मुकादमाला सांगतो, खुणा बघून काम कर."

मी हे ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला आणि मनात म्हटलं, चला, सुटले एकदाचे. आमच्या कंपनीत लाल फुली म्हणजे हात लावू नका. मला, मॅनेजरला, गेटवरच्या वॉचमनला, कुणालाही विचारा, दुसरा अर्थ आमच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

दोन रविवार तळपे ओढ्याच्या काठी रंगाचा डबा घेऊन हिंडले. प्रत्येक जुनं झाड वाजवलं. पोकळ असेल तर छातीएवढ्या उंचीवर, कुऱ्हाडवाल्याला लांबून दिसेल अशी लाल फुली. सोमवारी येऊन मला सांगत, आज इतकी झाली, त्या जांभळात दोन ढोल्या आहेत, आंब्यावर पाखराच्या नखांचे ओरखडे आहेत. मी 'हं' म्हणत दोऱ्या बदलत होते. तिसऱ्या सोमवारी म्हणाले, "सगळी झाली. येक बी ऱ्हायलं न्हाई." त्यांचा चेहरा त्या दिवशी असा होता की मी पहिल्यांदा त्यांच्यादेखत हिरडा तोंडात टाकला.

दिवाळी झाली आणि पुढच्या पंधरवड्यात ट्रक आला.

मी दारात उभी होते, चहा घेत. ट्रक माझ्यासमोरून आत गेला. मागच्या बाजूला ओंडक्यांची साल दिसत होती आणि सालीवर लाल फुली. एका ओंडक्यावर नाही, दिसत होते त्या सगळ्यांवर. मला काही क्षण कळेचना. मला वाटलं, इथून नाकारलेला माल परत का आणला? मग कळलं. कपबशी मी तिथेच उंबऱ्यावर ठेवली.

डोंगरात खूण केलेलं झाड म्हणजे तोडायचं झाड. जंगलातली तोडणी अशीच चालते. साहेब येतात, खूण करून जातात, मागून टोळी येऊन खुणेची झाडं पाडते. त्या वर्षी मोतीशेठच्या मुकादमाने बाहेरगावची नवी टोळी आणली होती. तो म्हणाला, खुणा बघून काम करा. त्यांनी खुणा बघून काम केलं. एकही चूक केली नाही. ओढ्याकाठची सरळ, भरीव, तरणी झाडं जागच्या जागी उभी ठेवली आणि पोकळ झाडं वेचून वेचून, तळपेंनी शोधून दिली तेवढी सगळी, चार दिवसांत आडवी केली. आधीच्या टोळीत किसन असायचा. किसन असता तर दादाची फुली त्याने ओळखली असती. पण किसनला तळपेंनीच कुऱ्हाड टाकायला लावून कंपनीत आणलं होतं. तो त्या वेळी आमच्या कॅन्टीनमागून ट्रक रिकामा करायला येत होता.

तळपे ट्रकजवळ गेले. मला वाटलं, ओरडतील. ते ओरडले नाहीत. एकेक ओंडका खाली उतरला तसे ते त्याच्यापाशी बसले आणि ढोलीत खांद्यापर्यंत हात घातला. वाजवलं एकालाही नाही. कुठून सालीच्या तंतूंचा मऊ पुंजका निघाला, कुठून कुरतडलेल्या जांभळाच्या बिया. जिवंत काही निघालं नाही. एका ढोलीतून त्यांनी काहीतरी बाहेर काढलं, धोतराच्या सोग्यात गुंडाळलं आणि तिथेच ओंडक्याला टेकून बसून राहिले. किसन समोर उभा राहून हमसून रडत होता. मी रडले ते मागाहून, बोर्डावर, आणि मला स्वतःचाच राग आला. त्या कॉलवर मी होते. एका वाक्याने विचारलं असतं, 'शेठ, तुमच्या माणसांना फुलीचा अर्थ ठाऊक आहे ना?' दिवसभर लोकांचं बोलणं ऐकायचा पगार घेत होते, आणि नको तिथे 'तळपे, मुद्द्याचं बोला' म्हणून ओरडत होते. नेमकं तिथे गप्प बसले.

सगळ्यांनी त्यांची समजूत घातली. मुकादम गाढव, टोळी अडाणी, शेठने नीट सांगितलं नाही. तळपे ऐकून घेत आणि म्हणत, "त्येंची चूक न्हाई. त्येनला झाडं ठावं नव्हती. म्या दाखवली." मोतीशेठ स्वतः येऊन हात जोडून गेला. त्यालाही हेच उत्तर.

आणि त्यांनी इन्स्पेक्टरकी सोडली. लेखी अर्ज दिला की मला खोकी ठोकायच्या कामावर घ्या. मॅनेजर संतापले, अशी उलटी बढती मागणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. मीही भांडले. "तळपे, पेन्शनीला आलात, आता हातोडी घेऊन खिळे ठोकणार?" तर म्हणाले, "ताई, खिळा ठोकला की ठोकला. त्येच्यातनं दुसरं काय निघत न्हाई." निवृत्त होईपर्यंत त्यांनी पुन्हा कशावरही खूण केली नाही. बोटांवरचा लाल रंग हळूहळू गेला. सोमवारचे हिरडेही बंद झाले. गंमत अशी की मला त्याचाही वैताग यायचा.

शेवटचं त्यांना बघितलं ते ऐंशी सालानंतर. मला कंपनीतून निघून वर्ष झालं होतं. चाकणच्या स्टँडवर किसन आणि सखू भेटले. वाडीला चालले होते. सखू म्हणाली, "ताई, चला की. भावजी तिथं येकलंच असत्यात. कुनाशी बोलत न्हाईत." गेले.

तळपे खूप वाळले होते. मला बघून त्यांना आनंद झाला, पण बोलले बेताचंच. ऊन उतरल्यावर म्हणाले, "चला ताई, तुमाला मागं पाखरू दावायचं ऱ्हायलं व्हतं. येखादं झाड माझ्या हातनं सुटलं आसंल, रातीला वरड ऐकू येती." माझ्या गुडघ्यांनी साफ नकार दिला होता, तरी मी त्यांच्यामागून ओढ्यापर्यंत चढले. पाच ठिकाणी थांबले, पाच वेळा त्यांना बोल लावले. ओढ्याकाठच्या एका दगडावर त्यांनी मला झाडीकडे तोंड करून बसवलं. स्वतः शेजारी बसले ते झाडीकडे पाठ करून.

"असे उलटे का बसलात?"

"गप ऱ्हावा. आता टाइम व्हईल."

उजेड विरत चालला. वटवाघळं निघाली. मग समोर, एका झाडाच्या अंगावर, जिथे इतका वेळ नुसतं खोड दिसत होतं तिथे काहीतरी हललं. वर चढलं, थांबलं आणि हवेत सुटलं. पंख हलवणं नाही, आवाज नाही. चौकोनी पसरलेलं एक अंग, मागे लांब शेपूट, ओढ्यावरून सरळ आमच्या डोक्यांवरून पलीकडे गेलं. त्याच्या मागोमाग दुसरं, लहान.

मला हुंदकाच आला. मी तळपेंचा हात घट्ट धरला. "तळपे! दोन होती! बघा ना, मागे वळून बघा. त्या तिथून निघाली, त्या..."

त्यांनी माझा हात झटकला आणि दोन्ही तळवे स्वतःच्या कानांवर दाबले. म्हाताऱ्या माणसाने इतक्या जोराने कान दाबलेले मी कधी पाहिले नव्हते.

"कोंचं झाड, त्ये सांगू नगा ताई. कुनालाच सांगू नगा. मला तर मुळीच न्हाई."

मी तोंड मिटलं. ते तसेच बसून होते, झाडीकडे पाठ, डोळेही आता बंद. ती दोन्ही पाखरं लांब निघून गेली असतील असं वाटल्यावर मी त्यांच्या कानांवरचे हात सोडवले आणि आम्ही अंधारात चाचपडत, एकमेकांना धरून खाली आलो. ते झाड कुठलं ते मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.